स्तनातली गाठ : बारीक सुई की जाड सुई?

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी, स्वस्त, झटपट. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, की काम झालं. नेहमीच्या कर्करोगाचा अंदाज त्यावरून बऱ्याचदा येतोही. पण गाठ भराभर वाढत असेल आणि सार्कोमा (आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग) किंवा फायलोडीस (स्तनातली एक दुर्मीळ गाठ) याची शंका असेल, तर मी जाड सुईची कोअर बायोप्सीच म्हणेन.

कारण सुट्या पेशींत गाठीची रचना दिसत नाही. फायलोडीस हे नावच पानासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं. योहानेस म्युलरने ते 1838 मध्ये दिलं. ती पानांसारखी ठेवण बघायला सलग ऊती लागते. काचेवरच्या ठिपक्यांत फायलोडीस फायब्रोअॅडिनोमा या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीसारखा दिसू शकतो, आणि मग ‘साधी गाठ आहे’ म्हणून ती नुसती सोलून काढली जाते, भोवतालची निरोगी कड न घेता. पुन्हा उगवायला तेवढं पुरतं.

कोअरमध्ये जागा बधिर करून साधारण 14 गेजच्या सुईने शेवईसारखे तुकडे काढतात. ‘टक्’ असा आवाज होतो, दचकू नका. त्यांचा मेणाचा ब्लॉक बनतो, त्यावर आयएचसी (पेशींचा प्रकार ओळखणारी खास रंगचाचणी) करता येते. तो ब्लॉक जपून ठेवा : दुसरं मत घ्यायला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाताना तोच लागतो.

कोअरही चुकते म्हणा. मोठ्या गाठीचा नेमका सौम्य कोपरा सुईत आला तर अंतिम ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे ते, शस्त्रक्रियेनंतरच कळते.