मुंग्या मेल्या तेव्हाच कळायला हवं होतं

निफाड तालुक्यात माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. डिसेंबरअखेर घडांत पिठ्या ढेकूण दिसला. हा किडा रस शोषतो आणि वर चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढली की माल एक्स्पोर्टमधून बाद. काढणीला जेमतेम दोन महिने उरलेले, त्यामुळे कडक औषध मारायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात एक माणूस बागेत आला. ओळखीच्याचं नाव सांगितलं, म्हणून बसवून चहा पाजला. "दादा, शंभर टक्के जैविक. रेसिड्यूची, म्हणजे मालात औषधाचा अंश उरण्याची, काळजीच सोडा." लिटरला 2,400 रुपये. चार लिटर घेतलं. लेबलवर कडुनिंबाचं पान आणि मोठ्या अक्षरात ‘वनस्पतिजन्य अर्क’. घटक कोणते, किती टक्के, कीटकनाशक म्हणून नोंदणी क्रमांक, काहीच नाही. पावती साध्या चिठ्ठीवर.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी ढेकूण मेलेला. खोडाशी मुंग्यांचा सडा, आणि ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमसच्या अळ्याही मेलेल्या. तिथंच थांबायला हवं होतं. व्हर्टिसिलियमसारखी जैविक बुरशी किड्याला मारायला कित्येक दिवस घेते, तेही हवेत ओल असेल तर. एका रात्रीत मुंगीपासून मित्रकिडीपर्यंत सगळं झोपवणारं औषध बुरशीचं किंवा कडुनिंबाचं नसतं. हे मला माहीत होतं. तरी समोर स्वच्छ घड दिसत होते, म्हणून आठवड्याने दुसरी फवारणी केली.

फेब्रुवारीत द्राक्षांच्या तपासणीचा अहवाल आला: क्लोरपायरीफॉस, म्हणजे रासायनिक कीटकनाशक. माझ्या फवारणीच्या वहीत त्याचं नावही नाही. युरोपात 2020 पासून ते बंद आहे, मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम. सौदा मोडला, माल लोकलला निम्म्याहून कमी दराने गेला. विरळणीला बायको रोज मजुरांबरोबर उन्हात उभी होती. तिला तो कागद दाखवायला मला दोन दिवस लागले.

तक्रार द्यायला गेलो तर पक्कं बिल आणि सीलबंद बाटली मागितली. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. तुम्ही घेताना बॅच नंबर लिहिलेलं बिल घ्याच, आणि एक बाटली न फोडता बाजूला ठेवा.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. डाळिंबवाल्यांकडे फिरतोय असं परवा कळलं. बाटलीचं नाव बदललंय, कडुनिंबाचं पान तेच आहे.