यकृत प्रत्यारोपणानंतरचा व्यसनमुक्ती पाठपुरावा : दोन वर्षांचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाचे यकृत दारूमुळे निकामी झाले आणि दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या यकृताचा उजवा भाग त्याला बसवण्यात आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तिच्याविषयी येथे लिहायचे नाही. लिहायचे आहे ते रुग्णाने पुन्हा दारूकडे वळू नये म्हणून रुग्णालय जी तपासणी आणि समुपदेशन देते त्याविषयी, कारण खर्चाची बोलणी करताना या भागाबद्दल कोणीच काही विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

तपासणीची बाजू वरवर पाहता चोख आहे. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी सकाळची मात्रा घेण्यापूर्वी मोजावी लागते, म्हणून आठच्या आधी रक्त घेणारा माणूस जागेवर हजर असतो. दादा शर्टाच्या खिशात कॅप्सूल ठेवून बसतो आणि दंडावरचा पट्टा सुटला की घरच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर ती गिळतो. त्याच वेळी लघवीचा नमुना घेतात. दारू पोटात गेल्यावर शरीरात तयार होणाऱ्या ईटीजी या घटकावरून मागच्या तीन-चार दिवसांतील मद्यपान कळते. पीईटीएच ही रक्तचाचणी दोन ते चार आठवडे मागचे सांगू शकते, पण ती शंका आल्यावरच केली जाते.

आमच्या बाबतीत शंका पहिल्यांदा आली ती आठव्या महिन्यात. ईटीजी आढळले आणि समुपदेशकांनी दादाला सगळ्यांसमोर खोटारडा ठरवले. वहिनी रडल्या, मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पुढे उलगडा झाला तो असा, की भूक लागावी म्हणून आत्याबाईंनी दिलेले द्राक्षासव तो रोज जेवणानंतर घेत होता. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असतात आणि त्यांत मद्यार्क असतो, हे डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेल्या पथ्याच्या कागदावर नव्हते. तिथे फक्त ‘मद्यपान टाळावे’ एवढेच छापले होते. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळण्याविषयी मात्र ठळक अक्षरांत सूचना होती. चूक लक्षात आणून दिल्यावर कागद बदलला गेला, त्याचे श्रेय द्यायला हवे. दादाची माफी कोणी मागितली नाही.

खरी उणीव पुढे दिसली. पहिले दीड वर्ष समुपदेशन म्हणजे वहिनींच्या आणि माझ्या देखत विचारलेला ‘मग, घेत नाही ना?’ हा एकच प्रश्न होता. ज्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवले आहे त्याला माणूस ‘छे, नावच नाही’ याशिवाय काय म्हणणार? नंतर मानसोपचारतज्ज्ञ बदलल्या. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत वहिनींना आणि मला बाहेर बसवले आणि दादाशी एकट्याशी पाऊण तास बोलल्या. परतताना रिक्षात त्याने स्वतःहून सांगितले, की गटारीला मित्रांकडे ‘बसणे’ झाले होते आणि दोन पेग घेतले होते. तपासणीची तारीख महिनाभर आधी ठरलेली होती, ती दहा दिवसांनी होती आणि लघवी अगदी स्वच्छ आली होती. म्हणजे औषध म्हणून आसव घेतले तेव्हा तो पकडला गेला आणि खरोखर प्यायला तेव्हा सुटला. माझे यकृत त्याच्या पोटात आहे, त्यामुळे ते दोन पेग मला जरा जास्तच लागले, हे कबूल करतो.

बाईंनी मात्र आरडाओरडा केला नाही. काही आठवडे दर आठवड्याला बोलावले, आधी न कळवता पीईटीएच करायला सुरुवात केली आणि संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ कशी काढायची यावरच अधिक बोलल्या. आमच्या एका नातेवाइकांनी जेवणात गुपचूप मिसळायची ‘दारू सोडवणारी गोळी’ सुचवली होती; अशा गोळीतले डायसल्फिराम हे औषध यकृतालाच इजा करू शकते हेही बाईंनीच समजावले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार यकृत प्रत्यारोपण झालेल्या, पूर्वी दारूचे व्यसन असलेल्यांपैकी दरवर्षी शंभरामागे पाच-सहा जण पुन्हा दारू घेतात आणि त्यांतले निम्म्याहून थोडे कमी अतिप्रमाणात पिऊ लागतात. हे आकडे आम्हाला शस्त्रक्रियेपूर्वी कळले असते, तर आम्ही पहिल्या दिवसापासून वेगळे वागलो असतो.

आणखी दोन गोष्टी खटकतात. प्रतीक्षाकक्षात शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचे यकृत हिपॅटायटिस बीमुळे गेले होते; त्यांना दारूविषयी आजवर एकदाही विचारलेले नाही आणि ते लग्नकार्यात ‘थोडी’ घेतात. तंबाखूची चौकशीही कोणी करत नाही, वास्तविक दारूमुळे प्रत्यारोपण झालेल्यांत तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाची भीती मोठी असते. शिवाय १९८६ पासून चालणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात असताना रुग्णालयाने आम्हाला त्याचा पत्ता कधी दिला नाही. तो दादाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीत मिळाला.

तपासणीला पाचपैकी तीन गुण देतो आणि पूर्वीच्या समुपदेशनाला एक. नव्या बाईंना पाच द्यायला हरकत नाही, मात्र त्या आठवड्यातून एकच दिवस असतात आणि त्यांची वेळ पंधरा दिवस आधी घ्यावी लागते. रुग्णासोबत जाणाऱ्यांनी वाचायला काहीतरी बरोबर न्यावे, कारण बाहेरच्या बाकावर पाऊण तास सहज जातो.