गुडघ्यातली इंजेक्शनं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, उजव्याची जास्त. एक्स-रेमध्ये ग्रेड 3, म्हणजे झिजेच्या चारपैकी तिसरी पायरी. ऑपरेशन लांबवायचं होतं म्हणून आधी स्टिरॉइड आणि काही महिन्यांनी हायल्युरॉनिक ॲसिड, म्हणजे वंगणाचं इंजेक्शन घेतलं.

स्टिरॉइडचा गुण खरंच आला. पहिल्या रात्री गुडघा उलट जास्त ठणकला, पण दोन-तीन दिवसांत सूज उतरली आणि जिना उतरताना कठडा धरावा लागेना. मधुमेह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्यानंतर काही दिवस साखर चढते. माझी चढली होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे रोज तपासत राहिले. दीड-दोन महिन्यांनी दुखणं हळूहळू परतलं.

मग पुन्हा तेच का घेतलं नाही? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर 12 आठवड्यांनी असं दोन वर्षं स्टिरॉइड दिलेल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक पडला नाही. हे वाचल्यावर माझं मन घेईना.

वंगणाच्या इंजेक्शनाने मला फारसा फरक जाणवला नाही. मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही त्याचा फायदा अगदी थोडाच दिसलाय. पीआरपीचाही आग्रह झाला, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचायच्या. ऑस्ट्रेलियातल्या 288 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही, म्हणून मी नको म्हटलं.

माझ्या गुडघ्याला टिकाऊ आधार दिला तो मांडीच्या व्यायामाने. स्टिरॉइडमुळे दुखणं दबलं होतं, त्या आठवड्यांत फिजिओथेरपिस्टने पाय सरळ उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, छोट्या पायरीवर चढ-उतार हे सगळं करून घेतलं. आधी हेच व्यायाम वेदनेमुळे अर्ध्यावर सुटायचे. इंजेक्शनाचा गुण ओसरल्यावरही मांडीतली ताकद राहिली. इंजेक्शन घेऊन नुसतं आरामात बसणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, ते आठवडे वाया घालवू नका.

उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण पुढेमागे करावंच लागेल असं दिसतंय. त्याआधीच्या तीन महिन्यांत स्टिरॉइड टोचलं असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्या गुडघ्यात आता काही टोचून घेणार नाही. डावा सुजला, तर मात्र एकदा घेईन आणि फिजिओची वेळ त्याच आठवड्यात ठरवीन.