घरच्या सीडी-डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेताना: आठ महिन्यांचा अनुभव

खानापूरच्या पावसानं कपाटातल्या सीडींना बुरशी आली होती. आक्काच्या लग्नाची डीव्हीडी लावली, तर अक्षता पडायच्या आतच चित्र अडकलं. त्याच आठवड्यात यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. आज ६३ पैकी ५८ उतरल्यात.

बुरशी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. गोल फिरवून पुसू नका. माहिती गोल वाटेनंच लिहिलेली असते, तसा ओरखडा गेला की सलग तुकडाच जातो.

डीव्हीडीला मेकएमकेव्ही हा प्रोग्राम उत्तम. व्हीओबीचे, म्हणजे डीव्हीडीतल्या व्हिडिओ फाइलींचे, एक-एक जीबीचे तुकडे जोडून एकच फाइल देतं आणि चित्राला धक्का लावत नाही. ती मूळ फाइल ठेवायचीच. मोबाइलवर बघायला हँडब्रेक या प्रोग्रामनं लहान प्रत करतो: एच.२६४ (व्हिडिओ आवळायची पद्धत), आरएफ २० (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा), आणि डीकोम्ब चालू. जुन्या कॅमेऱ्यांचं शूटिंग इंटरलेस असतं, सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. डीकोम्ब नसेल तर लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात.

व्हीसीडीनं, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीनं, मात्र रडवलं. त्या मेकएमकेव्हीत चालत नाहीत. एमपेगएव्ही फोल्डरमधल्या डीएटी फाइली कॉपी करायच्या, व्हीएलसी प्लेअरवर लागतात. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती गाळलेली असते, त्यामुळे बारीक ओरखडाही भारी पडतो. गेलेल्या पाचही व्हीसीडीच. त्यातली एक बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांची, आजोबा होते तिच्यात. तिचा कागदी स्टिकर मी ओढून काढला आणि त्याबरोबर चकाकीचा थरच सुटून आला. सीडीत तो थर लेबलाच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीत दोन चकत्यांच्या मधे. सीडीचा स्टिकर कधीच काढू नका. ही चूक मला अजून सलते.

ड्राइव्ह बरा आहे, फक्त वायर आखूड. पण एकाच ड्राइव्हवर विसंबू नका. त्यानं सोडून दिलेल्या चार डीव्हीडी शहापूरच्या मावशीच्या जुन्या पीसीनं वाचल्या, आक्काची त्यातच होती. तिथं दोन तास लागले, पण अक्षता, सप्तपदी, सगळं आलं. पेनड्राइव्हवर मात्र ती फाइल जाईना. त्याचा फॉरमॅट फॅट३२ होता, त्याला ४ जीबीच्या वरची फाइल चालत नाही. फॉरमॅट बदलून एक्सफॅट करून घेतला, तेव्हा गेली.