नागपूर मेट्रो : जर्मन-फ्रेंच कर्जातून उभी राहिलेली सेवा वापरताना

गेल्या मे महिन्यात दुचाकी घरी ठेवून मी रोज सुभाष नगरहून बर्डीपर्यंत आणि तेथे गाडी बदलून अजनी चौकापर्यंत मेट्रोने कामावर जात होतो. या सेवेचे मोजमाप केवळ वातानुकूलित डबा आणि वक्तशीरपणा यांवरून करू नये, असे मला वाटते, कारण २०१६ मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने ५० कोटी युरोंचे आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेने १३ कोटी युरोंचे कर्ज दिले, त्यामागे शहरातील धूर आणि इंधनाचा वापर कमी व्हावा हाही हेतू होता. हे अनुदान नसून फेडायचे कर्ज आहे. त्यामुळे या सहकार्याचा पर्यावरणाला किती लाभ होतो, हे किती नागपूरकर आपली दुचाकी घरी ठेवतात यावरच ठरते.

गाडीतला प्रवास उत्तम आहे. भर दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना गार डब्यातून अंबाझरीचा तलाव पाहत जाणे हे सुख आहेच. पण मला अधिक भावले ते स्थानकांच्या छपरांवरील सौर पटल. ज्या उन्हाने आपण हैराण होतो, त्याच उन्हापासून वीज मिळवून एकूण गरजेचा सुमारे ६५ टक्के भाग सौरऊर्जेतून भागवण्याचे उद्दिष्ट या प्रकल्पाने ठेवले आहे. वर्धा मार्गावर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची जी रचना आहे, तिच्यामुळे दोन वेगळ्या पुलांसाठी लागणारी जागा वाचली, हेही मोलाचे आहे. बर्डीला दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात आणि स्थानकाबाहेर न पडता गाडी बदलता येते. नवख्या माणसाने मात्र फलक नीट वाचून मगच जिना चढावा.

उणीव जाणवते ती स्थानकाचा जिना उतरल्यावर. शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर उन्हात चालायचा असतो, पदपथ मध्येच तुटतो, सावलीचे झाड क्वचितच दिसते आणि सामायिक ऑटोची खात्री नसते. गाडीतली पंधरा मिनिटे जितकी सुखाची, तितकीच ही दहा मिनिटे जिकिरीची होतात. पुढे नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेचे साहाय्य मिळत असताना, परदेशी निधीतील प्रत्येक कामात अशा शेवटच्या टप्प्यासाठी सुरुवातीपासून तरतूद असावी, असे मनापासून वाटते.

दोन्ही मार्गिकांवर स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ज्यांचे घर आणि काम आहे, त्यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. हिंगणा मार्गावरून बऱ्याच आत राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मात्र अजून तसे सांगता आलेले नाही. तो स्थानकापर्यंत दुचाकीनेच येतो आणि बहुतेक दिवशी तिच्यावरूनच पुढे निघून जातो.