दोन बाय तीनचा लाकडावरचा इव्हॅपोरेटर: घ्या, पण आधी जळण बघा

मेपल सिरप घरी करणाऱ्यांसाठी लाकडावर चालणारा छोटा इव्हॅपोरेटर, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवायची भट्टी, आम्ही इथे अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातच एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतला. दोन फूट बाय तीन फुटाचं सपाट स्टेनलेस पॅन, खाली लोखंडी भट्टी, मागे धुराडं, बस एवढंच. एक अख्खा सीझन वापरून झालाय, आता दुसऱ्याची तयारी चालू आहे. वस्तू उत्तम आहे. पण ती कशी चालणार हे नव्वद टक्के तुमच्या लाकडांवर ठरतं आणि हे विकत घेताना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे.

आधी पॅनबद्दल. सपाट पॅनला दर चौरस फुटाला तासाला साधारण एक गॅलन पाणी उडतं असा इकडचा ठोकताळा आहे, म्हणजे सहा चौरस फुटाला सहा गॅलन, बावीस-तेवीस लिटर. जळण कडक वाळलेलं असलं की आमचं पॅन हा आकडा गाठतं, ओलसर असलं की निम्म्यावर येतं, खरंच निम्म्यावर. आता हिशोब बघा, शुगर मेपलच्या रसात साखर असते साधारण दोन टक्के, ८६ ला त्या टक्क्याने भागलं की एका गॅलन सिरपला किती गॅलन रस लागतो ते कळतं, म्हणजे ४३. लिटरमधे धरलं तरी तेच प्रमाण. म्हणजे एक लिटर सिरपला चांगल्या जळणावर दोन तास, वाईट जळणावर चार. आणि रस थांबत नाही ना, रात्री गोठायचं आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच डिग्री अशी हवा आली की झाडं वाहायला लागतात, तो रस दुधासारखा थंड ठेवावा लागतो आणि दोन-तीन दिवसांत आटवलेला बरा, नाहीतर गढूळ होतो आणि सिरप काळं, उग्र होतं.

म्हणून जळण. घरातल्या स्टोव्हसाठी जे ओंडके आपण फोडतो ते इथे चालत नाहीत. इव्हॅपोरेटरला मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या लागतात, कारण तुम्हाला निखारे नकोत, ज्वाळा हव्यात, पॅनच्या अख्ख्या तळाला चाटत जाणाऱ्या. पाइन, हेमलॉक अशी मऊ लाकडं जी घरात जाळायला लोक नाक मुरडतात ती इथे सोनं आहेत, भडकन पेटतात आणि जोरात जळतात, सॉ मिलमधे बाजूच्या सालीसकट निघणाऱ्या पट्ट्या स्वस्तात मिळतात त्या नक्की घ्या. आम्ही पाइनमधे थोडं अ‍ॅश आणि मेपल मिसळतो म्हणजे आग एकदम बसत नाही. पेटवायला बर्चची साल, तिच्यासारखं दुसरं काही नाही, भिजलेली असली तरी पेटते.

फेब्रुवारीत जे काम असतं ते दोन प्रकारचं आणि नवीन लोक इथे गोंधळ करतात. एक म्हणजे या मार्चचं जळण, जे गेल्या वसंतातच फोडून रचलेलं असायला हवं, आता फक्त त्यावरचा बर्फ झटकायचा, जाड तुकडे अजून बारीक करायचे आणि भट्टीजवळ छपराखाली आणून ठेवायचं. ओलावा मोजायचं मीटर घ्या, पण लाकडाच्या टोकाला लावू नका, तुकडा ताजा फोडून आतल्या अंगाला लावा, वीस टक्क्यांच्या खाली आलं की झालं. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षीचं जळण, ते आत्ता फोडायचं, कारण कडक थंडीत गोठलेला ओंडका एका घावात तडकतो, तोच मे महिन्यात कुऱ्हाड धरून ठेवतो. आम्ही फिस्कार्सची एक्स२७ वापरतो, ३६ इंची दांडा आहे, उंच माणसाला फार छान पडते, अ‍ॅश आणि मेपलला दुसरं काही लागत नाही. एल्मच्या नादी मात्र लागू नका, त्याचे धागे सुटतच नाहीत, पाचर ठोकून पण नाही. आणि स्वस्त मिळतंय म्हणून दुसऱ्या राज्यातून कच्चं जळण गाडीत भरून आणू नका, अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा किडा असाच पसरतो, व्हर्माँटमधे बाहेरचं ट्रीटमेंट न केलेलं जळण आणायला बंदीच आहे.

आता तक्रारी. भट्टीच्या आत लावायच्या विटा वेगळ्या घ्याव्या लागल्या, त्या किमतीत धरलेल्या नव्हत्या. दाराचं हँडल इतकं तापतं की चामड्याच्या हातमोज्याशिवाय हात लावता येत नाही आणि दर सात-आठ मिनिटांनी दार उघडायचं असतं, तिथे स्प्रिंगचं हँडल द्यायलाच हवं होतं. (दार उघडताना थोडंच उघडा आणि एकेका बाजूला लाकडं सारा, पूर्ण उघडलं की थंड हवा शिरते आणि उकळी बसते.) पाय बारीक आहेत, मार्चमधे जमीन वितळली की एक पाय खचतो आणि पॅन तिरकं होतं, हे धोक्याचं आहे कारण पॅनमधे दीड इंचाच्या आसपास रस हवाच, एका कोपऱ्यात उघडं पडलं तर करपलंच समजा. आम्ही खाली सिमेंटच्या लाद्या टाकल्या. गार रस ओतला की उकळी मरते म्हणून वर ठेवायचं छोटं पॅन पण घ्या, त्यातून कोमट रस बारीक धारेने सोडत राहायचं, ते पैसे अगदी वसूल आहेत. फेस वर आला तर लोण्याचा एक थेंब.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, घरचं गुऱ्हाळ होतं, तिथे चुलाणात चिपाडं सारणारा माणूस वेगळा आणि काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या वेगळा, आणि इथेही दोन माणसं लागतातच, एकट्याने करायचं काम नाही हे. साखर तर तीच, उसातली आणि मेपलमधली दोन्हीकडे सुक्रोज. फरक असा की गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो, इथे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर चार डिग्री सेल्सिअसला सिरप तयार. ते पाण्याचं तापमान हवेच्या दाबाप्रमाणे बदलतं म्हणून त्याच दिवशी पाणी उकळून थर्मामीटर तपासा. शेवटचा टप्पा या पॅनवर करू नका, एवढ्या मोठ्या आगीवर ते हातात राहत नाही, रस दाटसर झाला की खाली काढून गॅसवर पूर्ण करा, हायड्रोमीटरने (पाकाचा दाटपणा मोजायची तरंगती नळी) बघा, व्हर्माँटचा नियम ६६.९ ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने तेवढे टक्के साखरेचा, आहे. मग गरम असतानाच फेल्टच्या गाळणीतून गाळा, खाली वाळूसारखा गाळ बसतो तो निघून जातो.

तीन-चारच झाडं असतील तर हे घेऊ नका, सिमेंटच्या ब्लॉकची चूल रचून त्यावर हॉटेलात वापरतात तसली स्टीलची खोल ट्रे ठेवा, भागतं. रस काढायला झाडांना वीस-पंचवीस नळ्या ठोकायच्या असतील तर मात्र हा साइज बरोबर. झाड निदान दहा-बारा इंच व्यासाचं हवं, भोक ५/१६ इंचाच्या ड्रिलने, दीड-दोन इंच खोल, एवढंच. जुने लोक मार्चच्या पहिल्या मंगळवारी, टाऊन मीटिंगच्या (गावाच्या वार्षिक सभेच्या) दिवशी नळ्या ठोकायचे, आता फेब्रुवारीतच ऊन पडायला लागतं त्यामुळे तारखेपेक्षा पुढच्या आठवड्याचं हवामान बघून ठरवा. ऑर्डर मात्र उन्हाळ्यात द्या, जानेवारीनंतर हे वेल्डिंगवाले फोन उचलत नाहीत, आणि उन्हाळ्यात ऑर्डर दिलीत की त्याच आठवड्यात पाइनच्या पट्ट्या पण आणून उन्हात रचून टाका.