व्हर्च्युअल असिस्टंट नेमायच्या तयारीत २,०९,४९० रुपये गेले

व्हर्च्युअल असिस्टंट (व्हीए) म्हणजे दूर बसून इंटरनेटवरून आपलं काम सांभाळणारा मदतनीस. तो मी एका एजन्सीमार्फत नेमायला निघाले होते. आधी आकडे लिहिते, कारण ‘गेले असतील थोडेफार’ म्हणणारे बरेच भेटले. नोंदणी शुल्क ४,५०० रुपये. तीन महिन्यांचा आगाऊ पगार ५४,००० रुपये. माझ्या क्रेडिट कार्डावर चालवलेल्या परक्या जाहिराती १,१२,६४० रुपये. आणि माझ्या सात ग्राहकांनी माझ्याच नंबरवरून आलेल्या खोट्या क्यूआर कोडवर भरलेले ३८,३५० रुपये, जे मी पदरचे घालून त्यांना परत केले. एकूण २,०९,४९०. कापडी पिशव्यांच्या माझ्या धंद्यात एवढे सुटायला सात महिने लागतात.

मी अडाणी नाही. नऊ वर्षं हा धंदा एकटी चालवतेय. लॉटरीचे मेसेज, केवायसीचे फोन पहिल्या वाक्याला ओळखते आणि कापते. नोकरी शोधणाऱ्यांना फसवतात हे वाचून होते. नोकरी देणारीलाही फसवतात हे डोक्यातच आलं नाही. रात्री एक वाजेपर्यंत ग्राहकांना उत्तरं देत बसायचं आणि सकाळी सातला कारागिरांचे फोन घ्यायचे, असं दीड वर्ष चाललं होतं. मदत हवी होती, आणि हवी होती त्यात माझं काहीही चुकलेलं नाही.

एजन्सीचा माणूस फोनवर अतिशय नम्र होता. ‘मॅडम, व्हीए येण्याआधी तुमची तयारी पक्की हवी, नाहीतर पहिला महिना वाया जातो.’ हे खरंच आहे, आणि तिथेच मी फसले. त्याने एक शीट पाठवली. कामांची यादी, ग्राहकांना द्यायची ठरलेली उत्तरं, परताव्याचे नियम, सगळं शिस्तीत. मी दोन रविवार बसून ती भरली. वर्षानुवर्षं डोक्यात ठेवलेलं कागदावर आलं म्हणून मला आनंद झाला होता.

त्याच शीटमध्ये पुढे ईमेल, जाहिरातीचं खातं, गूगलवरचं दुकानाचं पान यांच्या आयडी-पासवर्डचे रकाने होते. तेही भरले. अकराव्या रकान्याचं शीर्षक होतं: ‘ओटीपी कोणत्या नंबरवर येतो?’

तिथे माझा हात थांबला होता. आजही डोळे मिटले की तो रिकामा चौकोन दिसतो. मी त्याला विचारलं, ओटीपीशी तुमचा काय संबंध? तो म्हणाला, ‘मॅडम, रात्री व्हीए काम करत असेल तर ओटीपीसाठी तुमची झोप मोडायची का? रिकव्हरी नंबर आणि ईमेल आमच्या टीमचा टाका, महिन्याभराने बदलून घ्या.’ माझ्या झोपेची काळजी गेल्या दीड वर्षात दुसऱ्या कुणी केली नव्हती. रिकव्हरी नंबर आणि ईमेल म्हणजे खातं परत ताब्यात घ्यायचा कोड जिथे येतो ते. मी ‘थँक्यू’ म्हटलं आणि त्यांचा नंबर आणि ईमेल टाकला. शंका आली होती, नीट शब्दांत विचारलीही होती, आणि तरीही मी ती गिळली. पैशांपेक्षा हे जास्त जाळतं.

मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर एक मुलगी बसली होती, चुणचुणीत. कामाला लागल्यावर कॅमेरा कायम बंद, आवाजही निराळा. ‘सर्दी झालीय ताई’ म्हणाली, मी काढा घे म्हटलं. ज्याची मुलाखत घेतली तोच माणूस कामावर आलाय ना, हे पहिल्या दिवशी कॅमेरा चालू करायला लावून बघा. नाही म्हणाला तर काम तिथेच थांबवा.

नऊ दिवस तिने उत्तम काम केलं. का केलं ते मला फार उशिरा कळलं. गूगलवरच्या दुकानाच्या पानाला नवा मालक जोडला की पहिले सात दिवस त्याला जुन्या मालकाला काढून टाकता येत नाही. ते दिवस भरायचे होते. मी तिला ‘मालक’ केलं होतं, ‘व्यवस्थापक’ करून काम भागलं असतं. या दोन शब्दांतला फरक न वाचता कुणालाही आत घेऊ नका.

दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री, मला पानावरून काढलं. सोमवार सकाळपर्यंत जाहिरातीच्या खात्याला जोडलेल्या कार्डावरून नऊ वेळा पैसे गेले, मोठी रक्कम एकदाही नाही. बँकेचे मेसेज आले होते. पण जाहिरातीचे पैसे एरवीही असेच कापले जातात, कोण दर वेळी उघडून बघतं? व्हॉट्सॲप तर मी स्वतः व्हिडिओ कॉलवर कोड स्कॅन करून तिच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं होतं. सोमवारी एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला, ‘ताई, नवीन कोडवर पैसे भरलेत, पोचले ना?’ कुठला नवीन कोड?

पासवर्ड बदलला की सुटलो, असं समजू नका. मी सोमवारीच बदलला, तरी माझे मेल त्यांना जातच होते. जीमेलच्या सेटिंगमध्ये त्यांनी एक फिल्टर लावून ठेवला होता: जाहिरात कंपनीचा मेल आला की तो दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इथून कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही, मेल पुढे पाठवायची सोयही बंद होत नाही. तो फिल्टर मला बुधवारी सापडला. आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठे जोडलंय ते दाखवणारी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादीही आजच उघडून बघा.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. बँकेने सांगितलं, खात्याचा ताबा तुम्ही स्वतः दिलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले आधी ऑनलाइन तक्रार नोंदवा. नोंदवली, क्रमांक घेऊन परत गेले, तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला चौतीस स्क्रीनशॉटच्या छापील प्रती समोर ठेवल्या, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने पहिली दोन पानं चाळली आणि विचारलं, ‘तुम्हीच पासवर्ड दिले ना? मग चोरी कशी?’ घर राखायला किल्ली दिली म्हणून कपाटातले दागिने राखणदाराचे होतात का? पैसे कुठल्या खात्यात गेले त्याचा तपशील माझ्या हातात होता. तो बघायलाही कुणी तयार नव्हतं. जाहिरात कंपनीकडे तर बोलायला माणूसच नाही. ओळख पटवण्यासाठी ते कोड पाठवतात, आणि तो जातो रिकव्हरी ईमेलवर, म्हणजे चोरांकडे. हे मी त्यांना पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा तेच छापील उत्तर आलं.

हे काम प्रामाणिकपणे करणारी खूप माणसं आहेत, आणि त्यांनाही या लोकांमुळे काम मिळणं अवघड होतं. पण खरा माणूस तीन महिन्यांचे पैसे आधी मागत नाही. पंधरा दिवसांचं छोटं काम द्या, झालं की पैसे द्या. ईमेलसाठी पासवर्ड द्यायची गरजच नाही, जीमेलमध्ये दुसऱ्याला आपला इनबॉक्स हाताळायला देण्याची वेगळी सोय आहे. जाहिरातीच्या खात्याला खर्चाची मर्यादा घाला आणि मुख्य कार्ड जोडू नका. रिकव्हरी नंबर आणि ईमेल फक्त स्वतःचे.

दुकानाचं पान अजून त्यांच्याच ताब्यात आहे. नऊ वर्षांत मिळालेले ४१२ अभिप्राय माझे आहेत, पिशव्यांचे फोटो मी माझ्या खिडकीशी बसून काढलेले आहेत, आणि खाली फोन नंबर त्यांचा आहे. माझ्या नेहमीच्या ग्राहकांनी हे वाचलं तर एवढंच करा: ऑर्डर देण्याआधी माझ्या जुन्या नंबरवर फोन करा, माझा आवाज ऐका, आणि मगच पैसे भरा.